इंग्रजी मेथडच्या छात्राध्यापकांसाठी: वर्गात तंत्रज्ञान वापरण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेथड (म्हणजे शिकवायचा विषय) इंग्रजी. छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवायचे आठवडे, तालुक्याच्या गावातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत झाला. आठवी ब आणि नववी अ हे वर्ग होते, दोन्हींत पन्नासच्या वर मुलं. आता पहिल्या वर्षाची मंडळी रात्री साडेदहाला मेसेज टाकतात, "ताई, उद्या पाठ आहे, एक विचारू का?" प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. यातलं निम्मं मेथडच्या मॅडमनी शिकवलं, उरलेलं फजिती होऊन समजलं.

आयसीटीचा (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचा) पेपर अभ्यासक्रमात आहेच. मग आणखी वेगळं काय शिकायचं?

पेपरात टीपॅक येतं. मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेली ती तीन वर्तुळं: विषयाचं ज्ञान, अध्यापनाचं ज्ञान, तंत्रज्ञानाचं ज्ञान. आकृती नीट काढा, गुण मिळतात. पण वर्गात उभं राहिल्यावर एकच हिशेब मनात ठेवायचा: या पस्तीस मिनिटांत मुलांनी किती वेळ इंग्रजी ऐकलं आणि किती वेळ ती स्वतः बोलली?

राज्यातल्या मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आठवीतलं पोर सात वर्षं इंग्रजी शिकून आपल्यासमोर बसलेलं असतं. 'बिकॉज'चं स्पेलिंग ते झोपेतही सांगेल. पण आपल्या सरांचा आवाज सोडला तर दुसऱ्या कुणाचं इंग्रजी त्याने वर्गात सहसा ऐकलेलं नसतं. स्वतःचं तर त्याहून कमी. ही उणीव जे यंत्र भरून काढेल ते इंग्रजीच्या वर्गातलं तंत्रज्ञान. बाकी सगळी सजावट, असं माझं मत आहे. मॅडमना ते जरा टोकाचं वाटतं.

छात्रसेवाकालाच्या पहिल्या आठवड्यात शाळेत काय बघून ठेवू?

चावी कुणाकडे असते ते.

गंमत नाही करत. एनसीटीईच्या (शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या) २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेत घालवायचे वीस आठवडे त्यात आले. वीस आठवडे ऐकायला भरपूर वाटतात. त्यातले माझे पहिले आठ दिवस 'संगणक कक्ष' अशी पाटी असलेल्या खोलीच्या कुलपाकडे बघण्यात गेले. चावी मुख्याध्यापकांकडे असेल असं मी गृहीत धरलं होतं. ती शिपाई मामांच्या जुडग्यात होती आणि मामा दुपारी बँकेच्या कामाला जात. पाठ चौथ्या तासाला असेल तर पहिल्या तासाआधी चावी मागून ठेवा.

कुलूप उघडल्यावर हे तपासा. प्लगला वीज येते का. टीव्हीला पेनड्राइव्हचं भोक आहे का, की फक्त एचडीएमआय आहे. प्रोजेक्टर जुना असेल तर त्याला व्हीजीएची केबल लागेल आणि तुमच्या नव्या लॅपटॉपला ती जागाच नसेल. मग कन्व्हर्टर कुणाकडे आहे ते शोधा. शेवटच्या बाकावर बसून फळा आणि पडदा दोन्हींकडे बघा. दुपारी खिडकीतून ऊन येत असेल तर पडद्यावर काही दिसत नाही, आणि इतक्या खिडक्यांना पडदे लावायला शाळेकडे पैसे नसतात.

प्रोजेक्टर, टीव्ही, टॅब: आधी कशाच्या मागे लागू?

स्पीकरच्या. हातात मावेल एवढा ब्लूटूथ स्पीकर बास. त्याला तार लावायची सोय असेलसा बघा, कारण ब्लूटूथ ऐन वेळी शेजारच्या वर्गातल्या सरांच्या फोनला जाऊन चिकटतं. स्पीकर टेबलावर ठेवू नका. टेबलावरचा आवाज पहिल्या तीन बाकांना कर्कश होतो आणि मागच्यांना नुसती गुणगुण ऐकू येते. मी तो वर्गाच्या मधोमध, बाकांच्या वाटेत एका स्टुलावर ठेवायचे. फोन विमान मोडवर टाकायचा आणि मग फक्त ब्लूटूथ चालू करायचं.

विमान मोडचं का सांगते? निरीक्षण पाठाच्या दिवशी मी माझा फोन टीव्हीला जोडून चित्र दाखवत होते. मागे मॅडम वही घेऊन बसलेल्या. आणि टीव्हीवर, चांगल्या हातभर अक्षरांत, आईचा मेसेज उगवला: "डब्यातली भाजी आंबली नाही ना?" वर्ग पाच मिनिटं हसत होता. नंतर महिनाभर मुलं मला भाजीचं विचारायची. इंग्रजीत विचारायची, एवढंच समाधान.

ऐकण्याचा तास म्हणजे नेमकं काय करायचं? ऑडिओ लावला की मुलं गप्प बसून राहतात.

गप्प बसतात, कारण ऐकताना काय करायचं ते आपण सांगितलेलं नसतं. माझेही पहिले दोन पाठ असेच वाया गेले. चार मिनिटांची गोष्ट लावली, संपल्यावर विचारलं, "काय कळलं?" वर्गात स्मशानशांतता.

मग मॅडमनी जे सांगितलं ते आजही करते. तुकडा दीड मिनिटाच्या आतला घ्यायचा. आधी तीनचार शब्दच फळ्यावर लिहायचे, जे अडले तर सगळंच अडेल असे. पहिल्यांदा ऐकताना एकच सोपा प्रश्न: किती माणसं बोलताहेत, आणि कुठे आहेत, दुकानात की स्टँडवर? हे सगळ्यात कच्च्या मुलालाही जमतं, मागून येणाऱ्या आवाजावरूनही जमतं. दुसऱ्यांदा ऐकताना नेमकी माहिती: गाडी किती वाजता आहे, तिकिटाचे किती झाले. इथे मुलांनी वहीत आकडा लिहायचा, हात वर करायचा नाही. नाहीतर पहिल्या बाकावरची दोघं सगळ्यांची उत्तरं देऊन टाकतात. तिसऱ्यांदा हातात छापील संवाद द्यायचा आणि ऐकता ऐकता बोट फिरवायला सांगायचं. याच वेळी वर्गातून "अरे, असं होतं होय!" असं ऐकू येतं. त्यांना ठाऊक असलेलाच शब्द असतो, फक्त बोलताना तो मागच्या शब्दाला जोडला गेलेला असतो.

व्हीएलसी प्लेअर घ्या. एक वाक्य निवडून तेच पुन्हा पुन्हा वाजवायची सोय त्यात आहे. वेग कमी करायचीही आहे, पण ती मी क्वचितच वापरते. हळू केलेलं इंग्रजी दारू प्यायलेल्या माणसासारखं येतं, आणि मुलांना सवय लागते. वाक्य संपल्यावर थांबवणं बरं.

दहावीला भाषा विषयांत लेखी ८० गुणांचं आणि उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. त्यात ऐकणं-बोलणं येतं. शाळेत कुणी "हे ऑडिओबिडिओ कशाला" म्हणालं तर हा आकडा सांगा, वाद तिथेच मिटतो.

उच्चार माझेच धड नाहीत. मुलांना काय शिकवू?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, विचारतात मात्र थोडेच. उच्चार सुधारायला उत्तम साधन म्हणजे फोनमधला साधा रेकॉर्डर, आणि तो आधी स्वतःवर चालवायचा.

आपली अडचण कुठे आहे ते मराठीतूनच समजून घेतलं तर सोपं जातं. आपण शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घ चुकतो, कारण बोलताना आपला कान तो फरक फारसा धरतच नाही. इंग्रजीत मात्र त्याच्यावर अर्थ अवलंबून. 'शिप' म्हणजे जहाज, 'शीप' म्हणजे मेंढी. दुसरी गोष्ट 'व'ची. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बनियन. लिहिताना आपण 'व' आणि 'व्ह' वेगळे लिहितो, म्हणताना एकाच ओठाने म्हणतो. 'वेस्ट'ला ओठांचा चंबू लागतो, 'व्हेस्ट'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. तिसरी, भूतकाळाची शेपटी. आठवीतली मुलं 'वॉकेड', 'जंपेड' वाचतात, कारण लिहिलेलं तसंच दिसतं. खरं तर 'वॉक'ला शेवटी ट लागतो, 'प्ले'ला ड, आणि 'इड' फक्त 'वॉन्ट', 'नीड' अशा ट-ड वर संपणाऱ्यांना.

आपली जमेची बाजूही आहे. 'जीव'मधला ज आणि 'जाळं'मधला ज वेगळा, हे मराठी मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. 'झू' म्हणजे प्राणीसंग्रहालय शिकवताना मी 'जाळं'पासून सुरू करते, मग जीभ टाळूला न टेकवता तोच आवाज ओढायला सांगते. मधमाशीसारखा. वर्ग गुंजायला लागतो.

आता रेकॉर्डर. चौघांचा गट, एक फोन, अर्धा मिनिट. प्रत्येकाने दोन ओळी म्हणायच्या, मग चौघांनी मिळून ऐकायच्या. पहिल्यांदा सगळे एकच म्हणतात: "हा माझा आवाजच नाही." दुसऱ्यांदा चुका ऐकू येतात, त्याही दुसऱ्याच्या आधी. तिसऱ्यांदा स्वतःच्या. मी चूक दाखवलेली नसते, तरी पोरं "मॅडम, परत घेऊ द्या" म्हणतात. दोन ओळी पाच वेळा मनापासून म्हटल्या जातात. फळ्यासमोर उभं करून वाचायला लावलं असतं तर एकदाच वाचून पळाली असती.

नववी अ मध्ये एक मुलगी वर्गात तोंडच उघडायची नाही. तिने फोन घेऊन जिन्याखाली जायची परवानगी मागितली. तिथे तिने संपूर्ण उतारा रेकॉर्ड केला, मधे कुत्रं भुंकल्यावर थांबून "सॉरी" म्हणाली, आणि पुढे वाचला. वर्गात ती त्यानंतरही फारशी बोलली नाही. पण तिचं वाचन कसं आहे हे मला समजलं, आणि गुण देताना ते उपयोगी पडलं.

फोनच्या कीबोर्डवरचा माइकही कामाचा आहे. भाषा भारतीय इंग्रजी निवडा आणि पूर्ण वाक्य बोला. फोनला जे ऐकू आलं ते तो लिहितो. सुटा शब्द देऊ नका, तिथे तो अंदाज मारतो. पुढचंमागचं बघून तो चूक परस्पर दुरुस्तही करतो, तेव्हा त्याला परीक्षक समजू नका.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण पाठाच्या वेळी नव्हे, आदल्या रात्री. दीक्षा हे सरकारी शालेय ॲप ५ सप्टेंबर २०१७ला सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकातला कोड त्यातून स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. घरी नेट आहे तोवर ते ॲपमध्येच उतरवून घ्या, म्हणजे वर्गात नेटशिवाय चालतं. सगळं बघितल्याशिवाय मात्र दाखवू नका. काही व्हिडिओ चांगले आहेत. काहींत कुणीतरी धडा वाचून ओळीओळीचा मराठी अर्थ सांगतं, आणि ते तर तुम्हीही करू शकता.

क्यूआर कोडची गोष्ट निघाली की सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांचं नाव येतंच. २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. आपण बातमीतला कोड लक्षात ठेवतो. त्यांच्या शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि त्यांनी पुस्तकातला मजकूर त्या भाषेत आणला, हे मात्र विसरतो. कोडच्या मागे काय ठेवलं होतं, ते बघा. आपणही करू शकतो: कवितेचं स्वतःच्या आवाजात वाचन रेकॉर्ड करायचं, त्याचा कोड फुकट तयार होतो, छापून पुस्तकात चिकटवायचा. मी तीन कवितांना केलं. घरी आईबाबांच्या फोनवर किती जणांनी ऐकलं असेल? हात वर करायला सांगितलं तेव्हा अकरा.

पीपीटी किती स्लाइडची करू?

शून्य चालतील का, ते आधी बघा. करायचीच असेल तर चित्रांची करा. मजकूर पडद्यावर आला की मुलं तो उतरवून घेतात. त्यांना वाटतं हे परीक्षेला आहे.

शाळेच्या संगणकावर माझ्या फाइलमधलं मराठी चौकोन चौकोन दिसतं. काय करू?

घरी टाइप करताना युनिकोड वापरा. शाळेत अजूनही बरेच जण जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात; ती फाइल तुमच्याकडे आणि तुमची त्यांच्याकडे अशीच दिसते. खात्रीचा उपाय म्हणजे फाइलची पीडीएफ करून नेणं. इंग्रजी स्वरचिन्हांच्या फॉन्टलाही हेच लागू.

मुलांकडे फोन नाहीत. मग क्विझ कशी घेणार?

प्लिकर्स हे ॲप घ्या. एकट्या शिक्षकाकडे फोन लागतो, मुलांकडे छापलेली कार्डं. प्रत्येक कार्डावर वेगळी चौकोनी नक्षी, चारही बाजूंना ए, बी, सी, डी. उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, आणि कुणी काय उत्तर दिलं ते फोनवर येतं. शेजाऱ्याची नक्षी वेगळी असल्यामुळे नक्कल करता येत नाही.

कार्डं जाड कागदावर छापा, लॅमिनेट करू नका. चकाकीमुळे कॅमेऱ्याला दिसत नाहीत. मुलं अक्षरावर बोट ठेवतात, तसं नक्षीवर ठेवलं तर वाचली जात नाहीत. आमच्या तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याने "हे काय, पत्त्यांचा क्लब काढलाय का मॅडम?" असं विचारलं होतं.

व्याकरणातला हुकमी प्रश्न यात घालता येतो. 'सिन्स' की 'फॉर', असा प्रश्न टाकला आणि वर्गाच्या अर्ध्याहून अधिक कार्डांवर चूक आली, तेव्हा पुढचा धडा बाजूला ठेवून मी तोच मुद्दा पुन्हा घेतला. हात वर करणाऱ्या चौघांवर विसंबले असते तर मला ते समजलंच नसतं.

लाइट गेली तर?

जाणारच. स्पीकर आणि फोन रात्रीच चार्ज करा. टीव्हीवर अवलंबून असलेल्या प्रत्येक पाठाला एक कागदी जोड ठेवा: तेच चित्र ए-फोर कागदावर, तोच संवाद दोन मुलांनी वाचायचा. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, तशी ओळ लिहिली तर निरीक्षकांना आवडतं, हे माझ्या वहीतल्या शेऱ्यांवरून सांगते.

पाठ टाचणात तंत्रज्ञान कुठे आणि कसं लिहू?

'शैक्षणिक साधने' या रकान्यात नुसतं 'टीव्ही, मोबाईल' लिहून चालत नाही. कृतीच्या रकान्यात लिहा: कोणत्या मिनिटाला, किती वेळ, आणि तेव्हा मुलं काय करत असतील. मॅडम एकच प्रश्न विचारतात, "हे यंत्र काढून घेतलं तर पाठाचं काय बिघडेल?" काहीच बिघडत नसेल तर त्या लाल पेनाने खोडतात. माझ्या पहिल्या टाचणात चार ठिकाणी रेघ आहे. सूक्ष्म अध्यापनातही, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव-पाठातही, साधनाचा वापर हे कौशल्य म्हणून घेतात. तिथे सहा-सात मिनिटंच असतात, जोडाजोडीत दोन घालवू नका.

चॅटजीपीटीकडून टाचण लिहून घेतलं तर?

आमच्या तुकडीत सात जणांनी घेतलं होतं. सातही जणांची उद्दिष्टं त्याच क्रमाने, त्याच क्रियापदांनी आली. मॅडमनी काही न बोलता सातही वह्या शेजारी शेजारी मांडल्या.

आणखी एक धोका आहे. धड्याचं नुसतं नाव दिलं की ते धडा वाचल्याच्या थाटात लिहितं. पात्रं वेगळी, शेवट वेगळा, सगळं ठामपणे. धड्याचा मजकूर स्वतः समोर ठेवल्याशिवाय त्यावर विसंबू नका. मी त्याचा उपयोग एका कामासाठी करते: स्टँडवरचा, दवाखान्यातला, दुकानातला आठ ओळींचा संवाद आठवीच्या शब्दांत मागायचा, मग त्यातले शब्द आपल्या हाताने बदलायचे. त्याच्या संवादात माणसं फार सभ्य बोलतात; आपल्या एसटीचा कंडक्टर तसा बोलत नाही. बदललेला संवाद मैत्रिणीबरोबर रेकॉर्ड केला की ऐकण्याच्या तासाची सामग्री तयार. मुलांच्या हातात हे ॲप देऊ नका. १३ वर्षांखालच्यांना त्यांच्या अटींप्रमाणे परवानगीच नाही, आणि १८ पर्यंत पालकांची संमती लागते.

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढू का? पाठाचे फोटो स्टेटसला टाकू का?

ग्रुप शाळेचा असेल तर त्यातच वर्गशिक्षकांमार्फत पाठवा. आपला वेगळा काढू नका. आपण काही आठवड्यांचे पाहुणे, आणि मुलींचे नंबर आपल्या फोनमध्ये राहता कामा नयेत. फोटोबद्दल: २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कॉलेजला अहवालासाठी फोटो लागतातच; मुख्याध्यापकांना विचारून, मुलांच्या पाठीमागून काढा. आवाजाची रेकॉर्डिंग्ज गुण नोंदवून झाल्यावर मी मुलांसमोरच पुसून टाकली.

शाळेतले जुने सर म्हणतात, खडू-फळ्यासारखं दुसरं काही नाही.

त्यांचं फळ्यावरचं अक्षर बघा आणि गप्प बसा. आमच्या शाळेतल्या एका सरांचे तास मी मागे बसून पाहिले. कविता पाठ म्हणायचे, एकेक शब्द पुसत जायचे, आणि शेवटी कोऱ्या फळ्याकडे बघत अख्खा वर्ग कविता म्हणायचा. असं ॲप मला अजून सापडलेलं नाही. त्यांचाच आवाज मी परवानगी घेऊन रेकॉर्ड केला. स्पीकरवर ऐकून ते म्हणाले, "जरा घाईत म्हणतो की मी," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रेकॉर्ड करायला आले.

टीईटीला (शिक्षक पात्रता परीक्षेला) याचा फायदा होतो का?

नाही. त्याचा अभ्यास वेगळा करा.

छात्रसेवाकाल संपताना शाळेत काय ठेवून जाऊ?

तक्ते सगळेच ठेवतात, त्यांना वाळवी लागते. मी एक पेनड्राइव्ह ठेवला: बावीस ऑडिओ, सोबत छापील संवादांची एक फाइल. तो मुख्याध्यापकांच्या कपाटात गेला असता तर तिथेच राहिला असता, म्हणून मामांना दिला आणि टीव्हीला कसा लावायचा ते दाखवलं. त्यांनी तो संगणक कक्षाच्या चावीलाच सुतळीने बांधला. फाइलींना नावं देताना मात्र लक्ष ठेवा. मी हौसेने मराठीत दिली होती आणि टीव्हीवर सगळी प्रश्नचिन्हं दिसली. शेवटच्या दिवशी बसून नुसते आकडे टाकले, आणि कोणत्या आकड्याला कोणता धडा ते कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवलं.